चीरघर सुधारायचंय? सरकारी निधी कुठून आणि कसा आणायचा: ग्रामीण विदर्भातल्या नवख्यांसाठी

मे महिन्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत संध्याकाळी विहिरीतून काढलेलं प्रेत ग्रामीण रुग्णालयात येतं. शीतपेटी नसते, किंवा असते पण बंद असते. चिरफाड दुसऱ्या दिवशी सकाळी होते आणि मधल्या रात्रीत पुरावा नासतो. गळ्यावर वळ होता का, पोटातून फवारणीच्या औषधाचा वास येत होता का, हे मग कोणताच डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या घराला मिळायची सरकारी मदत अडून बसते. घातपात झालेला असेल तर खटल्याचा पायाच कच्चा राहतो.

नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, रुग्ण कल्याण समितीवर पहिल्यांदाच आलेले सदस्य आणि आपल्या भागातलं चीरघर सुधारावं अशी तळमळ असलेले सरपंच यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझी बरीच नोकरी ग्रामीण रुग्णालयाच्या कार्यालयात असले प्रस्ताव बनवण्यात गेली. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. निधी नसतो असं नाही. आपण मागतो एक आणि अडलेलं असतं दुसरंच, म्हणून आलेला पैसाही वाया जातो. त्यामुळे मृत्यू झाल्यापासून अंतिम अहवाल घरच्यांच्या हाती पडेपर्यंत उशीर नेमका कुठे होतो, ते आधी शोधा. पैसा त्या जागेसाठी मागा.

पहिली पायरी: कोण कुणाच्या हाताखाली, ते ओळखा

आपल्याकडे अमेरिकेसारखा स्वतंत्र ‘मेडिकल एक्झामिनर’ नाही. तिथे मृत्यूचं कारण शोधणारं वेगळं कार्यालय असतं. इथे मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, पोलीस दाखल करतात, पंचनामा पोलीस करतात आणि प्रेत सरकारी डॉक्टरकडे पाठवतात. पूर्वी हे दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चालायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ लागू आहे. जुन्या छापील नमुन्यांवर अजून १७४ दिसतं. प्रस्तावात मात्र नवीनच कलम लिहा.

म्हणजे एका मृत्यूच्या कागदाला वेगवेगळ्या विभागांची दारं लागतात. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, तिथे जिल्हा शल्यचिकित्सक. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली शासकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. आणि व्हिसेरा, म्हणजे प्रेतातून तपासणीसाठी काढून ठेवलेले अवयवांचे नमुने, जिथे तपासला जातो ती न्यायसहायक प्रयोगशाळा गृह विभागाची. संचालनालय मुंबईत कालिन्याला आहे. विदर्भातल्या प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूरला आणि अमरावतीला.

हे आधीच लिहिण्याचं कारण असं की वर्तमानपत्रात मोठा आकडा आला की गावातून लगेच दिल्लीला पत्र जातं. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने न्यायवैद्यक पायाभूत सुविधांसाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची राष्ट्रीय योजना २०२४-२५ ते २०२८-२९ या काळासाठी मंजूर केली. यात राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या नव्या संकुलांना १,३०९.१३ कोटी, केंद्रीय प्रयोगशाळांना ८६० कोटी आणि विद्यापीठाच्या दिल्ली संकुलाच्या सुधारणेला ८५.३० कोटी आहेत. राज्यांच्या प्रयोगशाळांची यंत्रसामग्री आणि फिरती न्यायवैद्यक वाहनं यांसाठी २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात पोलीस आधुनिकीकरणाच्या छत्राखाली २,०८०.५० कोटींची वेगळी योजना होती. दोन्ही पैसे गृह खात्याच्या वाटेने जातात. तुमच्या चीरघराचं छत त्यातून दुरुस्त होणार नाही.

तरी या योजना तुमच्या कामाच्या आहेत, कारण प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात त्यांचा आधार घेता येतो. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा, अशी तरतूद नव्या संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. प्रयोगशाळा सुधारत असताना नमुना जिथे तयार होतो ती खोली पडकी राहिली तर वरचं महागडं यंत्र नासका नमुनाच तपासत बसेल. हे वाक्य तुमच्या भाषेत जरूर लिहा. जिल्हाधिकाऱ्यांना ते पटतं.

दुसरी पायरी: नोंदवही काढा आणि तारखा मांडा

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, आणि याला पैसा लागत नाही. मागच्या एका वर्षाची शवविच्छेदनाची नोंदवही, व्हिसेऱ्याची नोंदवही आणि ठाण्याच्या मुद्देमालाची नोंद शेजारी शेजारी ठेवा. ठाणेदारांना भेटून विचारलं तर ते आनंदाने देतात, त्यांनाही वरून विचारणा होतच असते. प्रत्येक प्रकरणासमोर सात तारखा लिहा: मृत्यूची, प्रेत आल्याची (वेळेसह), चिरफाड झाल्याची (वेळेसह), व्हिसेरा पोलिसांनी ताब्यात घेतल्याची, तो प्रयोगशाळेत जमा झाल्याची, सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषणाचा अहवाल) परत आल्याची आणि डॉक्टरांनी अंतिम मत दिल्याची.

आता दोन तारखांमधली अंतरं बघा. बहुतेक लोकांची समजूत असते की सगळा उशीर नागपूर-अमरावतीच्या प्रयोगशाळेत होतो. तिथे ताण आहेच. पण व्हिसेऱ्याची बरणी रुग्णालयाच्या कपाटातच आठवडे पडून राहिली, असंही सापडतं. कधी ती ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत वाट बघत असते, कारण एका बरणीसाठी हवालदाराला नागपूरला पाठवायला गाडी नसते. कधी सीए रिपोर्ट ठाण्यात येऊन पडलेला असतो आणि डॉक्टरांची बदली झाल्यामुळे अंतिम मत लिहायला कुणी पुढे येत नाही. ज्याच्या घरातला माणूस गेला तो मात्र दर सोमवारी येऊन विचारतो, “सायेब, तेरवी होऊन गेली, पन कागद काही आला नाही.”

या कागदावर त्याचं पुष्कळ काही अडलेलं असतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. सर्पदंश, वीज, विहिरीत पडणं, फवारणीतली विषबाधा हे सगळं त्यात बसतं, आत्महत्या बसत नाही. विषबाधा असेल तर कार्यालय रासायनिक विश्लेषणाचा अहवाल मागतं. म्हणजे औषध फवारताना अंगात गेलं की ते प्यायलं, या प्रश्नाच्या उत्तरावर मागे राहिलेल्या बाईच्या लेकरांचं वर्ष उभं असतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राने पाहिला.

तारखांच्या तक्त्यातून आणखी एक गोष्ट कळेल: ‘मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन’ हा शेरा किती सवयीने मारला जातो. विषाचा किंवा नशेचा संशय, घातपाताची शक्यता, कारण न सापडणं अशा वेळी व्हिसेरा राखायलाच हवा. पण ट्रकखाली चिरडलेल्या, इजा स्पष्ट असलेल्या आणि कसलाही संशय नसलेल्या माणसाचाही व्हिसेरा केवळ धास्तीपोटी पाठवला, तर प्रयोगशाळेची रांग आपणच वाढवतो. यावर उपाय प्रशिक्षणाचा आहे, आणि प्रशिक्षणालाही निधी मागता येतो.

अमेरिकेच्या न्याय विभागाची पॉल कव्हरडेल यांच्या नावाची अनुदान योजना आहे. २००० सालच्या कायद्यातून ती आली. राज्यांच्या प्रयोगशाळा आणि मेडिकल एक्झामिनरची कार्यालयं दोन्हींना त्यातून पैसा मिळतो. थकलेली प्रकरणं कमी करणं हा तिच्या उद्देशांपैकी एक, आणि गंभीर हलगर्जी झाल्यास बाहेरच्या यंत्रणेकडून चौकशी होईल अशी हमी अर्जदाराने आधी द्यावी लागते. आपल्या प्रस्तावात कुणी हे मागत नाही. तरीही ‘आज इतकी प्रकरणं इतके दिवस थांबलेली आहेत, या कामाने ती इतक्यावर येतील’ असं एक पान जोडा. नुसत्या खरेदीच्या यादीपेक्षा ते पान अधिक वाचलं जातं.

तिसरी पायरी: काय मागायचं ते ठरवा

तक्त्यातून जे निघालं त्याप्रमाणे यादी बनवा. शेजारच्या तालुक्याने शीतपेटी घेतली म्हणून आपणही घेऊ, असं करू नका. एका तालुक्याच्या ठिकाणी चार प्रेतांची शीतपेटी आली आणि पुठ्ठ्याच्या वेष्टनातच उभी राहिली, कारण त्या खोलीत वीज भार वाढवून घेतलेला नव्हता आणि जनित्राची तार तिथवर ओढलेली नव्हती. शीतपेटीच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र वीजजोडणी, स्टॅबिलायझर, जनित्र किंवा सौर संच आणि किमान पाच वर्षांचा देखभाल करार हे सगळं एकाच प्रस्तावात हवं. सौर संचाबाबत महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेच्या जिल्हा कार्यालयाला विचारा, सरकारी इमारतींवर ते हे काम करतात.

खोलीचं बोलायचं तर पहिलं पाणी. टाकी, नळ, गरम पाणी, आणि टेबलाखालचा निचरा थेट नालीत न जाता शोषखड्ड्यात किंवा प्रक्रियेत जाईल अशी सोय. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत, त्यानुसार मानवी अवयव पिवळ्या पिशवीत जातात. दुसरा उजेड. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सोयी असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला मुभा दिली. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेलं प्रेत, संशयास्पद मृत्यू अशी प्रकरणं, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर, त्यातून वगळलेली आहेत. रात्रीच्या प्रत्येक शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायचं आहे. म्हणजे सावली न पाडणारे दिवे आणि कॅमेरा यांची मागणी या पत्रकाच्या आधाराने करता येते. एटापल्लीकडच्या माणसाला अपघातात गेलेल्या भावाची बॉडी घेऊन रात्रभर झाडाखाली बसावं लागू नये, एवढं यातून साधलं तरी पुष्कळ.

स्टीलचं टेबल, वजनकाटा, करवत, कातऱ्या यांवर जास्त लिहीत नाही, त्यांची यादी कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यकशास्त्र विभागात मिळते.

व्हिसेऱ्याचं सामान मात्र सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या बरण्या, साधं मीठ, लाख, मोहर, लेबलं, रक्तासाठी सोडियम फ्लोराइडच्या नळ्या, कुलपाचं कपाट आणि चार अंशांवर चालणारा छोटा फ्रीज. विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मलिनमध्ये टाकला की तपासणी अवघड होऊन बसते. बरणी दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायची नाही, कारण आत वायू तयार होऊन झाकण उडतं. वापरलेल्या द्रावणाचा नमुना वेगळ्या बाटलीत सोबत पाठवायचा. हे सामान वर्षभर पुरेल इतकं रुग्ण कल्याण समितीच्या निधीतूनही येतं, त्यासाठी मंत्रालय गाठायची गरज नाही.

आणि ज्या माणसाच्या हातांवर हे सगळं काम चालतं त्याला यादीत सगळ्यात वर ठेवा. चिरफाडीचं प्रत्यक्ष काम बहुतेक ठिकाणी सफाई कामगार करतो, आणि पिढ्यानपिढ्या हे काम ठराविक समाजांच्या माथी मारलं गेलं आहे. जाड हातमोजे, गमबूट, ॲप्रन, डोळ्यांचं संरक्षण, हिपॅटायटिस बीची लस, काम झाल्यावर आंघोळीची जागा आणि कपडे बदलायची खोली. लस टोचून घेतल्याची नोंद ठेवा. नातेवाइकांसाठी सावली, बाक आणि पिण्याचं पाणी हेही याच यादीत येऊ द्या. आपल्याकडची बरीच चीरघरं गावाबाहेर, बाभळीच्या रानात आहेत, तिथे बायाबापड्या तासन्‌तास उन्हात उभ्या असतात.

चौथी पायरी: योग्य दार ठोठवा

रुग्ण कल्याण समिती. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मानकानुसार प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला १.७५ लाख आणि ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाच्या संस्थेला ५ लाख रुपये अबंध (ठराविक कामाला न बांधलेला) निधी धरलेला आहे. प्रत्यक्षात किती येतो हे मागच्या खर्चावर आणि कामावर ठरतं. किरकोळ दुरुस्ती, बरण्या, दिवे, पाण्याची मोटर यांना हाच निधी वापरा. समितीच्या बैठकीत ठराव घ्या, इतिवृत्तावर सह्या घ्या. हा ठराव पुढच्या प्रत्येक प्रस्तावाला जोडावा लागतो.

जिल्हा वार्षिक योजना. इमारत, मोठी दुरुस्ती, शीतपेटी यांचं मुख्य दार हेच. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी असतात. योजनेचे तीन भाग आहेत: सर्वसाधारण, अनुसूचित जाती घटक आणि आदिवासी घटक. मेळघाट, गडचिरोली, यवतमाळचा पांढरकवडा भाग, गोंदियातलं देवरी इकडचे प्रस्ताव एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत आदिवासी घटकातून मागता येतात. तिथे सर्वसाधारण रस्त्यापेक्षा गर्दी कमी असू शकते. ‘नावीन्यपूर्ण योजना’ असंही एक शीर्ष असतं. तीन-चार रुग्णालयांचे व्हिसेरा आठवड्यातून एकदा एकाच गाडीने प्रयोगशाळेत पोचवायचे, असा प्रस्ताव पोलीस अधीक्षक कार्यालय आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी मिळून दिला तर तो तिथे मांडता येतो. विदर्भातल्या अंतरांना हा उपाय फार लागू पडेल असं मला मनापासून वाटतं. भामरागडची पर्लकोटा पुराने भरली की तालुका तुटतो, तेव्हा उन्हाळ्याअखेर बरण्या बाहेर काढायचं नियोजन त्यातच घाला.

जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणींच्या जिल्ह्यांत या दाराकडे फार थोडे लोक वळतात. २०१५ च्या कायदादुरुस्तीने हे प्रतिष्ठान आलं. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांकडून १० टक्के रक्कम यात जमा होते. आरोग्यसेवा हे या निधीच्या उच्च प्राधान्याच्या क्षेत्रांपैकी एक आहे. चंद्रपूर-वणीचा कोळसा, उमरेड-सावनेर, तुमसरकडचं मँगनीज, सुरजागडचं लोहखनिज या पट्ट्यांत तुमचं रुग्णालय बाधित क्षेत्रातल्या गावांना सेवा देत असेल, तर तसं गावांच्या यादीसह लिहा. खाणीवरचे अपघात, कोळशाच्या ट्रकांचे अपघात तुमच्याच टेबलावर येतात, नोंदवहीतून ते दाखवता येतं. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची मान्यता लागते, ती आधीच घ्या.

आमदार निधी आणि खासदार निधी. दोन्हींत वर्षाला ५ कोटी, आणि दोन्ही टिकाऊ मालमत्तेसाठी. वीजबिल, पगार, देखभाल यांतून होत नाही. शेड, नातेवाइकांची प्रतीक्षा खोली, बोअर अशा कामांना बरा. पत्र छोटं, जागेच्या कागदासह आणि अंदाजपत्रकासह द्या. लोकप्रतिनिधीला चीरघराला निधी द्यायला संकोच वाटतो, त्यावर पाटी लावणं अवघड जातं. तेव्हा मागणी ‘न्यायवैद्यक सुविधा व नातेवाईक निवारा’ अशी लिहा, काम तेच राहतं.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येतो. कोळसा खाणी आणि वीज केंद्रं जवळ असतील तर शीतपेटीसारखी एकच वस्तू मागा, देखभाल करारासह.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत ७०,०५१ कोटींचं आरोग्य अनुदान सुचवलं होतं. उपकेंद्रं, प्राथमिक केंद्रांतल्या तपासण्या, तालुका आरोग्य युनिट अशी त्याची कामं ठरलेली होती. चीरघर त्यात बसत नव्हतं. अशा शीर्षांमागे धावण्यात वर्ष घालवू नका.

पाचवी पायरी: प्रस्ताव लिहा

दोन पानांची टिपणी पुरे. पहिल्या पानावर तारखांच्या तक्त्याचा सारांश आणि त्यातून दिसलेली अडचण. दुसऱ्या पानावर मागणी, अंदाजित खर्च, वीज-पाणी-माणूस कोण पुरवणार ते, आणि वर्षभराने काय मोजणार ते. जोडपत्रांत समितीचा ठराव, जागेचा सातबारा किंवा नगर भूमापन उतारा, सध्याच्या खोलीची छायाचित्रं (प्रेत किंवा नातेवाईक त्यात येणार नाहीत याची काळजी घ्या), बांधकामाचं अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता. ग्रामीण रुग्णालयाचं अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभाग करतो, प्राथमिक केंद्राचं जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. उपअभियंत्याला खोलीवर प्रत्यक्ष घेऊन या, टेबलाची उंची आणि निचऱ्याचा उतार समोर उभं राहून सांगा. कार्यालयात बसून काढलेल्या नकाशात निचरा कायम भिंतीकडे जातो.

तांत्रिक बाबींसाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यकशास्त्र विभागप्रमुखांचं शिफारसपत्र घ्या. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर इथे विभाग आहेत. १९६९ साली देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतही हा विभाग आहे. पत्राबरोबर तुमच्या डॉक्टरांना आठवडाभर तिथे कामाला पाठवण्याची विनंतीही करा.

सहावी पायरी: वेळ चुकवू नका

पुढच्या आर्थिक वर्षाचा प्रारूप आराखडा आदल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर बनू लागतो. पोळा झाला की तक्ता पूर्ण करा, दसऱ्याच्या सुमारास अंदाजपत्रक हातात हवं, दिवाळीच्या आत प्रस्ताव जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत नियोजन कार्यालयात पोचलेला हवा. जिल्हा नियोजन समितीची बैठक साधारण जानेवारीत होते. त्यानंतर दिलेला कागद पुढच्या वर्षाच्या ढिगात जातो. तोच प्रस्ताव परस्पर पालकमंत्र्यांना देऊ नका, योग्य मार्गाने पाठवा आणि प्रत त्यांना द्या. आवक क्रमांक लिहून घ्या. बैठकीआधी नियोजन अधिकाऱ्यांना एकदा प्रत्यक्ष भेटा, कुठला कागद कमी आहे ते ते तिथेच सांगतात.

सातवी पायरी: पैसा आल्यावर

प्रशासकीय मान्यतेचा आदेश नीट वाचा. त्यात लिहिलेल्या कामाबाहेर एक बल्बही बसवता येत नाही. खरेदी शासनाच्या चालू धोरणाप्रमाणे जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरून किंवा ई-निविदेने होते. तुमच्या हातात असतं ते तांत्रिक वर्णन. ‘शीतपेटी, चार कप्पे’ एवढं लिहिलं तर ४६ अंशांच्या उन्हात दम टाकणारं यंत्र येईल. बाहेरचं तापमान किती असताना आत किती अंश टिकायला हवं, वीज गेल्यावर किती तास, तंत्रज्ञ किती दिवसांत यायला हवा आणि न आल्यास दंड किती, हे त्यात लिहा. वस्तू आली की चालवून बघितल्याशिवाय पोच देऊ नका. डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करा.

खर्च ३१ मार्चच्या आत नोंदवला गेला पाहिजे, आणि काम संपताच उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा मंजूर कामावर खर्च झाल्याचा दाखला) छायाचित्रांसह पाठवा. हे प्रमाणपत्र प्रलंबित असलेल्या संस्थेला पुढचा निधी देताना हात आखडता घेतला जातो.

नंतर दर महिन्याच्या ५ तारखेला तीच सात तारखांची नोंद पुढे चालू ठेवा. ठाणेदार, डॉक्टर आणि कार्यालयाचा लिपिक यांनी अर्धा तास एकत्र बसून प्रलंबित प्रकरणं वाचायची: कुठली बरणी अजून गेली नाही, कुठला सीए रिपोर्ट आला आहे आणि मत लिहायचं राहिलं आहे, बदली झालेल्या डॉक्टरांना कुणी फोन करायचा. अंतिम मत तयार झालं की नातेवाइकांना प्रत कशी मिळेल, हे ठाण्याच्या आणि रुग्णालयाच्या दोन्ही दारांवर मराठीत लिहून लावा. मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीत गोंडी किंवा माडियात समजावून सांगणारी आशाताई गाठा आणि तिचं नाव त्याच कागदावर खाली लिहा.